लॅपटॉपवर लिनक्स : सुरू होणे आणि पुरते चालणे

एखादे यंत्र सुरू होणे आणि ते पुरते कामाला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. बटन दाबताच विहिरीवरची मोटार घुमू लागली म्हणजे ती सुरू झाली खरी. परंतु उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचले, तरच ती चालली असे तो म्हणतो. लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसविण्याचेही असेच आहे. बसविण्याचे काम आज तासाभरात उरकते. पुढे वायफाय लागणे, आवाज येणे, झाकण मिटले की यंत्राने निजणे व उघडताच जागे होणे, छपाई होणे आणि आपणा मराठी माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शुद्ध मराठी लिहिता येणे, ही शेवटची सरी होय. तिथपर्यंत पाणी कसे न्यावे, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

मी मराठी विषय शिकवितो. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही हा विषय कला शाखेच्या अंकात लिहावासा वाटला, याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. जे नोंदणी करतील त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवली, एवढेच. पुढची आवृत्ती म्हणजे विंडोज ११. तिला यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि बहुतेक करून इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या विद्यार्थ्यांकडचे लॅपटॉप पाहा. कोणाला थोरल्या भावाने पुण्याहून नवा घेतल्यावर जुना दिलेला, कोणी सांगलीतून जुन्या बाजारात घेतलेला. यांपैकी पुष्कळांचे प्रोसेसर त्या पिढीच्या अलीकडचे नाहीत. यंत्राचा पडदा शाबूत, कळफलक शाबूत, आणि तरीही ते ‘कालबाह्य’ ठरले. अशा वेळी मुलांपुढे तीन वाटा उरतात : नवा लॅपटॉप घेणे, असुरक्षित यंत्र तसेच वापरीत राहणे, किंवा बाजारातून कोठल्या तरी चोरट्या प्रतीवर विसंबणे. पहिली परवडत नाही, उरलेल्या दोन धोक्याच्या. चौथी वाट लिनक्सची आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊकच नसते.

लिनक्स म्हणजे काय?

लिनक्सचा जन्म फिनलंडमधला. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक कार्यप्रणाली हौसेखातर तयार करीत असल्याचे जाहीर केले. १९९२ मध्ये त्याने ती मुक्त परवान्याखाली दिली. हा परवाना मात्र त्याचा नव्हे. तो रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून आलेला. त्या चळवळीची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास स्टॉलमन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथे झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी म्हणून स्टॉलमन यांना त्याच्या प्रणालीत थोडी भर घालायची होती. परंतु ती प्रणाली पाहण्यासच त्यांना नकार मिळाला. विकत घेतलेल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे पाहण्याचा हक्क वापरणाऱ्याला नसावा, हे त्यांना खुपले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. ग्नूची अवजारे आणि लिनसचा गाभा एकत्र आले, तेव्हा पूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली.

या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम जे करतो, तेच कर्नल संगणकात करतो. कोणी कोणत्या फडात राबायचे, कोणाला किती वेळ द्यायचा, कोणते सामान कोणी वापरायचे, हे तो ठरवितो. कामकरी एकमेकांशी भांडत बसत नाहीत, मुकादमाशी बोलतात. आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रभागांची भाषा मुकादमाला कळावी म्हणून जे दुभाषे नेमलेले असतात, त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात. लॅपटॉपवर लिनक्स पूर्ण न चालण्याचे कारण बहुतेक वेळा एखाद्या दुभाष्याची गैरहजेरी हेच असते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे जाते.

लिनक्स एकच असताना उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशी नावे का ऐकू येतात? आपल्याकडे कांदा-लसूण चटणी घरोघर होते. मिरची तीच, पण खोबरे किती, लसूण किती, हे प्रत्येक घरचे निराळे. कर्नल ही मिरची. तिच्याभोवती इतर आज्ञावली निवडून, कुटून जो एकजीव संच तयार होतो, त्याला ‘वितरण’ म्हणतात. डेबियन १९९३ पासूनचे, उबुंटू २००४ पासूनचे, मिंट २००६ पासूनचे. आपल्या देशात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे वितरण २००७ मध्ये काढले, त्यात भारतीय भाषांवर भर आहे. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला मी लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती सुचवितो. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, आणि तिचा तोंडवळा विंडोजची सवय असलेल्याला परका वाटत नाही.

‘फुकटची वस्तू, तिच्यात काय दम असणार?’ असा प्रश्न मला स्टाफरूममध्ये हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवर चालतात. आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशातला अँड्रॉइड मोबाइलही लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. हे फुकट आहे म्हणण्यापेक्षा मुक्त आहे म्हणणे अधिक बरोबर. ते वापरावे, पाहावे, बदलावे, वाटावे. अट एवढीच की, बदललेली कर्नल दुसऱ्याला दिली तर बदल झाकून ठेवता येत नाहीत.

बसविण्यापूर्वी

पहिले काम : आपल्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे. याला पर्याय नाही. दुसरे काम : डिस्कला कुलूप आहे काय, हे पाहणे. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ हे कुलूप पुष्कळदा मालकाच्या नकळत लागलेले असते. त्याची आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी. तिसरे काम : दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवायच्या असतील, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असता विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट डुलकी घेते, आणि मग तिच्या कप्प्यात लिनक्सला लिहिता येत नाही.

यानंतर वितरणाची फाइल उतरवून घ्यावी आणि ती शाबूत उतरली की नाही, हे ताडून पाहावे. हस्तलिखित पोथ्यांच्या काळात अध्यायाच्या अखेरीस ओव्यांची संख्या असे. नक्कल करणाऱ्याने ती जुळवून पाहिली की गळलेली ओवी ध्यानात येई. वितरणाच्या फाइलीबरोबर अशीच एक मोठी खूणसंख्या दिलेली असते. तिला ‘चेकसम’ म्हणतात. उतरविलेल्या फाइलीवरून काढलेली संख्या तिच्याशी अक्षरशः जुळली पाहिजे. जुळली नाही तर पोथीत गाळ आहे असे समजावे व फाइल पुन्हा उतरवावी. ही फाइल ‘रुफस’ किंवा ‘व्हेंटॉय’ यांसारख्या साधनाने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवरचा आधीचा मजकूर यात पुसला जातो.

आता लिनक्सची सर्वांत मोठी सोय सांगतो. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की लिनक्स तेथूनच चालते. आपल्या डिस्कला हातही लागत नाही. सुरू करताना एफ २, एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीपरत्वे जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. सोयरीक ठरविण्यापूर्वी मुलगी पाहायला आणि घर पाहायला जातात, तसेच हे. मी प्रत्येकाला एक कागद पुढ्यात घ्यायला सांगतो आणि त्यावर नऊ ओळी लिहायला लावतो : वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, ब्लूटूथ, पडद्याचा उजेड कमी-अधिक होणे, टचपॅड, झोपणे-जागणे, बाह्य पडदा. प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. या कागदावर जेवढ्या फुल्या, तेवढेच पुढचे काम. सगळ्याच ओळींपुढे फुल्या पडलेला लॅपटॉप मी अजून पाहिलेला नाही.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालते, पण बसविताना आतली डिस्कच दिसत नाही, असेही काही यंत्रांत होते. बहुधा तेथे बायोसमध्ये डिस्क इंटेलच्या ‘आरएसटी’ पद्धतीवर ठेवलेली असते. ती ‘एएचसीआय’ वर न्यावी लागते. मात्र विंडोजही ठेवायची असेल तर हा बदल विंडोजला आधी कळवावा लागतो, नाहीतर तीच सुरू होत नाही. म्हणून हे काम जाणत्याला जवळ बसवून करावे.

फुल्यांची दुरुस्ती

वायफाय. ही फुली सर्वांत अधिक वेळा येते. वायफायच्या चिपला दुभाष्याखेरीज ‘फर्मवेअर’ही लागते, म्हणजे चिपच्या स्वतःच्या पोटात भरायचा मजकूर. काही कंपन्या तो मुक्त परवान्याने देत नाहीत. तत्त्वनिष्ठ डेबियनने अनेक वर्षे असा मजकूर आपल्या अधिकृत संचाबाहेर ठेवला होता. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तो आत घेतला. मिंटमध्ये पुष्कळसा मजकूर आधीच असतो. इंटेलची चिप सहसा त्रास देत नाही. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो. आता पेच असा की, ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. याला तोड सोपी आहे. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स ते जवळजवळ नेहमी ओळखते. मग मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की लागणाऱ्या ड्रायव्हरचे नाव तो स्वतः सांगतो.

येथे एक निळा पडदा पुष्कळांना घाबरवितो. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर असा बाहेरचा ड्रायव्हर बसविताना एक परवलीचा शब्द मागितला जातो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असा पर्याय येतो. तो निवडून तोच शब्द द्यायचा. घाईने पुढे गेल्यास ड्रायव्हर बसूनही तो कामाला लागत नाही.

पडदा. एनव्हीडियाचे वेगळे चित्रकार्ड असलेल्या यंत्रात कधी कधी सुरुवातीलाच पडदा काळा राहतो. अशा वेळी सुरुवातीच्या यादीतील ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा, लिनक्स बसवावे, आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा.

आवाज. तो मुळीच येत नसेल तर प्रथम ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ कोठे जाते आहे ते पाहावे. पुष्कळदा तो एचडीएमआयच्या तारेकडे वळलेला असतो. नव्या इंटेल यंत्रांत ध्वनीसाठीही निराळे फर्मवेअर लागते. अद्ययावत कर्नल घेतल्याने ते काम बहुधा भागते.

झोप. झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकला आणि सांगलीहून एसटीने आष्ट्याला येईपर्यंत तो तापून बॅटरी रिकामी झाली, अशी तक्रार मी ऐकली आहे. लॅपटॉपच्या झोपेचे दोन प्रकार आहेत. गाढ झोपेत रॅमखेरीज जवळजवळ सगळे बंद असते. नव्या यंत्रांतली झोप मात्र सावध असते, मोबाइलसारखी. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडता येतो. तेथे लिनक्ससाठीची गाढ झोप निवडावी. सोय नसेल तर लांबच्या प्रवासात लॅपटॉप पुरता बंद करणे उत्तम. वीज जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात बॅटरीला जपणेही अगत्याचे. त्यासाठी ‘टीएलपी’ नावाची छोटी आज्ञावली बसवावी, ती मागे राहून आपले काम करते.

घड्याळ. ही गंमत खास आपली. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवल्या की विंडोजमध्ये घड्याळ अचानक साडेपाच तास मागे दिसू लागते. बिघाड काही नसतो. यंत्राच्या पोटात एक घड्याळ असते. विंडोज समजते की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवते. आपली प्रमाणवेळ तिच्याहून साडेपाच तास पुढे. तेवढाच हा फरक. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ ठेवायला सांगता येते, आणि भांडण मिटते.

शेवटची सरी : मराठी

आतापर्यंत सांगितलेले जगातल्या कोणालाही लागू आहे. पण इंग्रजीत सर्व काही चालले म्हणजे आपले चालले असे नव्हे. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या आजीच्या आणि शेजारपाजारच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तिचा लॅपटॉप नव्या विंडोजला नालायक ठरला, म्हणून आम्ही त्यावर लिनक्स घातले. नऊच्या नऊ खुणा बरोबर आल्या. फाइल उघडली तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! ज्या आजीने त्या ओव्या सांगितल्या, ती दोन महिन्यांपूर्वी वारली होती. पुन्हा विचारायला कोणी नव्हते.

ओव्या हरवल्या नव्हत्या. त्या जुन्या पद्धतीच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, लिहिल्या होत्या. या पद्धतीत संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवितो आणि फॉन्ट त्यांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवितो. मुखवटा उतरला की खालचा चिवडा दिसतो. मग तो मजकूर व्हॉट्सॲपवर जात नाही, शोधता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा आकडा आहे, ‘ळ’ला स्वतःचा, फॉन्ट कोणताही असो, अक्षर तेच राहते. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके मिळतात. त्यांतून आम्ही ओव्या बाहेर काढल्या, आणि तिच्या वहीशी ओळ अन् ओळ ताडून पाहिल्या. परिवर्तक जोडाक्षरांत आणि ऱ्हस्व वेलांटीत चुकतो. म्हणून वही जपून ठेवली होती हे तिचे शहाणपण. ज्यांच्यापाशी जुन्या फॉन्टमधले प्रबंध, कविता, संस्थांची इतिवृत्ते आहेत, त्यांनी हे काम आजच हाती घ्यावे. फॉन्ट आणि वही दोन्ही जिवंत आहेत तोवरच ते होते.

आता लिहिण्याचे. मिंटमध्ये कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय भाषांतून मराठी निवडता येते. तेथे ‘इन्स्क्रिप्ट’ हा सरकारमान्य कळफलक आणि उच्चारानुसार चालणारा दुसरा, असे पर्याय मिळतात. मी इन्स्क्रिप्टचा आग्रह धरतो. त्याची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसल्यास हात बसतो, आणि तो सर्व भारतीय लिप्यांना उपयोगी पडतो.

मराठीची खरी कसोटी ‘ऱ’वर लागते. ‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ या दोन वाक्यांतला फरक आपण व्याकरणाच्या तासाला पाहतो. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबले की ‘ऱ’ येतो. मग डी दाबून पाय मोडायचा आणि ‘य’ द्यायचा, की ‘ऱ्य’ तयार. हेच चिन्ह साधा ‘र’, पायमोड आणि एक अदृश्य जोडखूण अशा दुसऱ्या मार्गानेही काढता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी लेखने. म्हणून एकाने एका रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ हा शब्द दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्यापूर्वीची मंडळी ‘अ’वर अर्धचंद्र देत. जुने मजकूर शोधताना दोन्ही रूपे शोधावीत.

फॉन्टचीही निवड पारखून करावी. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी वाचकाच्या डोळ्याला टोचतो. शासनानेही २०२२ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे मान्य केली आहेत. ‘लोहित’ हा मुक्त फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने दिला. तो लिनक्सच्या बहुतेक वितरणांत सहज मिळतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा तर मराठी वळणासाठी स्वतंत्रपणेच काढलेला आहे. ‘लिब्रेऑफिस’मध्ये लिहिताना ऑप्शन्समध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावे आणि त्याची भाषा मराठी ठेवावी. तेथे देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीहून वेगळा नेमावा लागतो. हे न केल्यास फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर बदलत नाही, आणि शुद्धलेखन तपासनीस मराठी शब्दांना ओळखत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला लिनक्सवर आणखी एक देणगी मिळते : ‘टेसरॅक्ट’. छापील पानाचा फोटो दिला की ते त्यातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करते. १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत त्याचे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये ते मुक्त झाले. त्याला मराठीचे शिक्षण दिलेले आहे. जुन्या अंकांची स्वच्छ पाने ते बऱ्यापैकी वाचते. फाटक्या, डागाळलेल्या पानांवर अडखळते. मुद्रित तपासणे मात्र आपलेच काम.

छपाई आणि न होणाऱ्या गोष्टी

छपाईसाठी लिनक्समध्ये ‘कप्स’ नावाची व्यवस्था आहे. अलीकडचे वायफाय असलेले प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरविना चालतात. परंतु ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही जुने लेसर प्रिंटर फक्त आपल्या कंपनीच्या खासगी भाषेत बोलतात, आणि त्यांना लिनक्सवर वश करणे जिकिरीचे असते. तेथे मी सरळ सांगतो : पीडीएफ करा, त्यात मराठी फॉन्ट आतच बांधलेला असतो, ती पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि कोठेही छापा.

आणखी काही गोष्टी होत नाहीत, त्याही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. बोटाचा ठसा घेणारे कितीतरी वाचक लिनक्सवर चालत नाहीत. काही कार्यालयीन संकेतस्थळांची डिजिटल स्वाक्षरीची साधने विंडोजच मागतात. काही ऑनलाइन परीक्षांची आज्ञावली तशीच. मायक्रोसॉफ्ट वर्डमधील गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी लिब्रेऑफिसमध्ये थोडी हलते. अशी कामे ज्यांना रोजची आहेत, त्यांनी विंडोज शेजारी राहू द्यावी. ‘सर्व काही चालते’ असे सांगून लिनक्सकडे ओढलेला माणूस आठवड्यात परत जातो. काय चालत नाही हे आधी सांगितलेला माणूस टिकतो, असा माझा अनुभव आहे.

आपला वाटा

शिकायचे कोठे, हा प्रश्न उरतो. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यात लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादी विषयांचे छोटे छोटे पाठ असून, पुष्कळ पाठांचे निवेदन मराठीतही आहे. ते विनामूल्य आहेत. एमएस-सीआयटी केलेल्या कोणाही विद्यार्थ्याला ते झेपतील.

शेवटी कला शाखेच्या विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. लिनक्सच्या पडद्यावर ‘फाइल’, ‘संपादन’, ‘दृश्य’ असे मराठी शब्द दिसतात, ते आपोआप आलेले नाहीत. ते कोणीतरी बसून, पुष्कळदा विनामोबदला, एकेक वाक्य करून मराठीत आणले आहेत. ते काम अपुरे आहे. कोठे शब्द बोजड आहे, कोठे हिंदीवरून उचललेला आहे, कोठे अनुवादच नाही. हे काम अभियंत्यापेक्षा मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक चांगले जमेल, कारण येथे दुखणे यंत्राचे नसून भाषेचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. आता त्या भाषेत संगणकाशी नीट बोलता यावे, यासाठी रोज दहा वाक्ये मराठीत आणणारे हात हवेत. विंडोजच्या पोटात आपल्याला शिरता येत नाही. लिनक्सच्या पोटात शिरून चुकलेला शब्द सुधारता येतो, आणि ती सुधारणा जगातल्या प्रत्येक मराठी वाचकापर्यंत पोचते.

घरच्या कपाटात पडलेला जुना लॅपटॉप असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याच्या फाइलींची प्रत काढा, एक पेन ड्राइव्ह घ्या, आणि नऊ ओळींचा कागद घेऊन मराठी विभागात या. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी शनिवारी दुपारी मी तेथे असतो. फुल्या किती पडतात ते बरोबर बसून पाहू.